न्हाणीतली मालकीण

पायऱ्यांपाशी दलाल बाका बोलताना ऐकू आला, तेव्हा आर्डिसच्या हातात खिडकी पुसायचं फडकं होतं. तिच्या मोटरहोमला, त्या चाकांवरच्या घराला, दार एकच, आणि त्या दारातूनच गिऱ्हाईक वर येत होतं.

लोकांच्या जुन्या मोटरहोम विकून देणं हा बाकाचा धंदा. मालकाने गाडी त्याच्या आवारात आणून लावायची, किल्ली द्यायची आणि घरी बसून फोनची वाट बघायची. विकली गेली की बाका आपली दलाली कापून घेणार. अट एकच, गिऱ्हाईक आलेलं असताना मालकाने तिथे फिरकायचं नाही. आर्डिस दोनदा फिरकली होती. एकदा छत नेमकं कुठून गळायचं ते तिने मोठ्या कौतुकाने दाखवलं. दुसऱ्यांदा पडद्यांना नाक मुरडणाऱ्या एका बाईला चांगलंच सुनावलं. दोन्ही गिऱ्हाइकं गेली.

"पुन्हा दिसलात, तर गाडी घरी घेऊन जायची," बाकाने हात जोडून सांगितलं होतं.

घरी नेली की संपलंच. मार्च उलटला की ॲरिझोनात हिवाळा काढायला आलेली सगळी माणसं उत्तरेला परत निघतात. आर्डिसचा नवरा मर्लही निघाला असता, स्वतः गाडी हाकत, थेट दूरच्या मिनेसोटातल्या गावापर्यंत. मर्लला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं, आणि उजव्याने दिसतं असं फक्त मर्लच म्हणत होता. मागच्या खेपेला पेट्रोलपंपाचा खांब त्याच्या म्हणण्याप्रमाणे एकाएकी आडवा आला होता. ही गाडी विकली गेली तरच नवरा धडधाकट राहणार, हे आर्डिसला पक्कं ठाऊक होतं.

ती फडक्यासकट न्हाणीत शिरली आणि दार ओढून घेतलं. एका माणसाने श्वास घेतला की भरेल एवढी ती न्हाणी.

आलेलं जोडपं नुकतंच निवृत्त झालेलं, डग आणि ट्रीना. डगने आधी शेजारच्या संडासाच्या झाकणावर बसून गुडघे दाराला लागतात का ते बघितलं. मग दोघं बूट काढून पलंगावर शेजारी शेजारी आडवी झाली. मोटरहोम घेताना सगळेच असं करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

"निवांत लोळून बघा. मी बाहेर आहे," म्हणून बाका खाली उतरला.

"पाय पुरतात माझे," डग खुशीत म्हणाला. "बोल, कशी वाटते?"

"गाडी छान आहे रे."

"मग तोंड का पाडलंयस?"

"आपलं घर केवढं आहे, डग? तरी भांडण झालं की तू गॅरेजमध्ये जातोस आणि मी तळघरात. इथे कुठे जायचं? आठवडाभरात तू तरी उरशील, नाहीतर मी तरी."

"आपण भांडायचंच नाही ना."

"हे बघ, झाली सुरुवात! ऊठ. नको म्हणून सांगू या त्याला."

पलंग करकरला. आर्डिसने फडकं तोंडात कोंबलं. पण गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. तिने फडकं काढलं.

"पहिला आठवडा जड जातो," न्हाणीतून आवाज आला. "मग जमतं."

डग ताडकन उठला आणि वरच्या कपाटावर धाडकन डोकं आपटून पुन्हा आडवा झाला. ट्रीनाने दार उघडलं.

"मी मालकीण," आर्डिस कुजबुजली. "बाकाला सांगू नका हं, हाकलेल मला."

"इथे काय करताय तुम्ही?"

"लपलेय. आज तुमच्यापासून. एरवी नवऱ्यापासून."

"म्हणजे?"

"अगं, भांडण झालं की इथे यायचं आणि दार लावायचं. त्याला वाटतं, अंघोळ करतेय."

"आणि पाण्याचा आवाज?"

"टाकीतलं पाणी रागावर कोण घालवतं?"

ट्रीनाला हसू आवरेना. "मग त्याला कळायचं नाही?"

"कळायचं की! कोरडी ठणठणीत बायको अंघोळ करून बाहेर येते, हे कुठल्या नवऱ्याला कळणार नाही? पण मर्लने दार कधी वाजवलं नाही. बाहेर पायरीवर जाऊन बसायचा. मी बाहेर आले की कॉफी ठेवायचा."

"मग विकताय कशाला?"

"डोळे गेलेत त्याचे. गाडी दारात आहे तोवर तो चालवणार." आर्डिसने फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "आणि मला तो अजून हवाय."

डग डोकं चोळायचं विसरला.

"अहो, काय आपटलं?" बाहेरून बाकाने विचारलं, आणि त्याची पावलं पायऱ्यांवर वाजली.

ट्रीनाने नवऱ्याकडे बघितलं, मग त्या चिंचोळ्या न्हाणीकडे.

"घेतली," ती डगला म्हणाली. "सरका हो जरा," म्हणत आर्डिसला मागे ढकलून ती आत शिरली आणि दार लावून घेतलं.

बाका वर आला. पलंगाकडे बघितलं, संडासात डोकावला.

"मॅडम कुठे गेल्या?"

"अंघोळ करतेय," डग म्हणाला.

"अंघोळ? अहो, टाकीत पाण्याचा थेंब नाही!"

आतून खुसखुस ऐकू आली. डगचा हात दार वाजवायला उचलला गेला होता. तो त्याने खाली घेतला आणि बूट उचलले.

"असू दे," तो म्हणाला. "कागद बाहेरच आणा. मी पायरीवर बसतो."