दानाची का वापरायची

यशोदाबाई दुकानाची पायरी चढत होत्या, तेव्हा मुंडण केलेला एक माणूस मान खाली घालून उतरत होता. त्याच्यामागे हमाल. हमालाच्या डोक्यावर आखूड खाट आणि खाटेवर गादी, उशी, छत्री, काठी, चपलांचा जोड, तांब्या. मेलेल्याच्या नावानं तेराव्याला दान द्यायचं सामान.

गादीवाल्या धोंडीरामनं त्या माणसाला नुसते हात जोडले. एरवी गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की "या बरं का पुन्हा" हे त्याचं ठरलेलं. दानवाल्याला मात्र तो तसं कधी म्हणत नसे. असल्या कामाला पुन्हा या, असं कोण कुणाला म्हणेल?

मग त्याचं लक्ष यशोदाबाईंकडे गेलं. कपाळ मोकळं, बरोबर कुणी नाही, धाप लागलेली. त्यानं आवाज खाली आणला.

"दानाची का वापरायची, मावशी?"

"मला एकटीला पायजे."

"दान एकट्याचंच असतं. गेलं कोण?"

"कुणी नाय गेलं," यशोदाबाई म्हणाल्या. "मी राहिलेय. मला झोपायला खाट पायजे, गादी पायजे."

धोंडीराम चांगलाच ओशाळला. ती चूक भरून काढायची म्हणून त्यानं दुकानातली सगळ्यात भारी गादी पुढे केली. शहात्तर साल होतं आणि फोमची गादी नाशकात नुकतीच आली होती. "थेट मुंबईची. बसून तर बघा. लेकीला आंदण दिली तर जावई दुपारपर्यंत उठायचा नाय!"

यशोदाबाई बसल्या आणि कमरेपर्यंत आत गेल्या. पाय जमिनीपासून सुटले. उठायला गेल्या तर उठवेना. धोंडीरामनं हसत हसत हात पुढे केला.

"हात नका देऊ," त्या म्हणाल्या. "घरी कोण देणारे?"

धोंडीरामचं हसू जागच्या जागी राहिलं.

घरी त्या जमिनीवर सतरंजी टाकून झोपत. गेल्या गुरुवारी सकाळी उठायला गेल्या तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. दूधवाला कडी वाजवून निघून गेला. पलीकडे कुसाबाईंच्या घरात भांडी वाजत होती, एक हाक पोचली असती. पण काय म्हणून हाक मारायची? उठता येत नाही म्हणून? त्यांना लाज वाटली. नळाचं पाणी येऊन गेलं. दुपारी बाराचा भोंगा झाल्यावर त्या भिंत धरधरून कशाबशा उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत, पण भ्याल्या फार.

यातलं त्या धोंडीरामला काही बोलल्या नाहीत. "झोप काय, कुठंबी लागती," एवढंच म्हणाल्या. "मला उठता आलं पायजे."

मग दुकानात भलताच प्रकार सुरू झाला. लोक गादी दाबून बघतात, आडवं होऊन बघतात. यशोदाबाई बसायच्या, गुडघ्यांवर हात ठेवायच्या, "एक, दोन" म्हणून उठायला बघायच्या आणि परत खाली. लोखंडी खाटेच्या पट्ट्या खाली गेल्या. सागवानी पलंग ठेंगणा निघाला. कापसाची गादी तर इतकी टम्म भरलेली की त्या तिच्यावरून घसरायलाच लागल्या. धोंडीराम दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता. हात सारखे पुढे यायला बघत होते.

चौथ्या खेपेला यशोदाबाईंचे डोळे भरून आले. कड धरून त्या कशाबशा उठल्या, तोंड फिरवलं आणि कोपऱ्यात जे पुढ्यात आलं त्यावर टेकल्या.

"अहो मावशी, तिथं नको!" धोंडीराम ओरडला. "दानाची हाय ती!"

यशोदाबाई ताडकन उठल्या.

यशोदाबाईंनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग खाटेकडे. मग मुद्दाम परत बसल्या आणि परत उठल्या. सुतारानं दानाची म्हणून लांबी-रुंदीत लाकूड वाचवलं होतं, पाय मात्र उंच ठेवले होते. वर साध्या फळ्या. गादीत कापूस नावालाच, त्यामुळे आत जायला जागाच नव्हती.

"हीच द्या."

"मावशी, जित्या माणसानं नसती वापरायची ही. मी तुम्हाला अशीच दुसरी करून देतो. पंधरा दिवसांत."

"पंधरा दिवस रोज सकाळी उठवायला येता का?"

धोंडीरामनं खाट पुढे ओढली. गादीवर उशी टाकली आणि हाताच्या सवयीनं छत्री, काठी, चपला, तांब्या सगळं वर ठेवून दिलं. मग एकदम जीभ चावली आणि एकेक वस्तू उचलायला लागला.

"राहू द्या की," यशोदाबाई म्हणाल्या. "एकट्या माणसाला लागतं ते समदं हाय त्यात."

हमालानं खाट डोक्यावर घेतली. त्याआधी यशोदाबाईंनी त्यातली काठी काढून घेतली होती. तिच्या आधारानं त्या पायरीपाशी आल्या आणि मागे वळल्या.

"येते," त्या म्हणाल्या.

धोंडीरामनं नुसते हात जोडले.

यशोदाबाई पायरी उतरल्या नाहीत. वाट बघत तिथंच उभ्या राहिल्या.

"या म्हणा की, शेठ. घरीच चाललेय मी."