क्रीमरोल संपले

“क्रीमरोल संपले,” चाँदभाई म्हणाला.

त्याच्या पाठीमागं काचेच्या कपाटात चौदा क्रीमरोल ओळीनं पडले होते. रस्त्यापलीकडं लिंबाच्या झाडाआड उभ्या असलेल्या झुंबरआबांना ते तिथनंही मोजता आले. पण पुढ्यात उभ्या असलेल्या त्यांच्या बारा वर्षांच्या नातीला, प्रगतीला, काही ते दिसले नाहीत. पोरगी फारच भोळी, म्हणून आबांना भरून आलं.

“कॅनॉलच्या पुलावर आमच्या हारिसकडं असतील बघ,” चाँदभाईनं सांगितलं. हारिस म्हणजे त्याचा मुलगा. त्याचं दुकान अडीच किलोमीटरवर.

प्रगती निघाली. तिच्या मागं शंभर पावलं ठेवून आबा निघाले. पुलावर हारिस म्हणाला, “आत्ताच संपले,” आणि त्यानं तिच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले. ते खात ती परत फिरली. आबा उसात शिरले, तिला पुढं जाऊ दिलं आणि पुन्हा मागं लागले.

हे दिवाळीनंतर रोज चाललं होतं.

प्रगती जन्मली ती दीड किलोची. हिला पुन्हा कुणी बारीक म्हणता कामा नये, असं आबांनी दवाखान्यातच ठरवलं. गोठ्यात सहा गायी होत्या आणि गावात चाँदभाईची बेकरी होती. काही कमी नव्हतं. सायीचं दूध आणि रोजचा क्रीमरोल यांवर बाराव्या वर्षी प्रगती अडुसष्ट किलोची झाली. मानेवर काळा पट्टा उमटला. आजी सिंधुबाई दर रविवारी बेसन आणि काथ्या घेऊन ती मान घासायची. मळ निघत नव्हता, कातडी निघत होती.

“आजी, हा मळ नाही,” बारामतीच्या रोहिणी डॉक्टर म्हणाल्या. “शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं, की मानेवर असं दिसतं. लिव्हरवर चरबी आहे, साखर काठावर आहे. आत्ता वळली तर वळेल. गोड बंद, आणि रोज तासभर चालणं. सगळ्या घरानं.”

शेवटचे दोन शब्द सोडून आबांनी सगळं ऐकलं. त्यांची स्वतःची साखर सहा वर्षं गोळ्यांना भीक घालत नव्हती. गोठा घरापासून दोनशे पावलांवर, पण आबा मोटरसायकलवर जात. “शेतकऱ्याला चालायला शिकवताय व्हय?” असं ते विचारत, तेही गाडीवर बसूनच.

घरी आल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं. “म्याच चारलं तिला,” एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी ते चाँदभाईकडं गेले. “पोरगी आली, तर रोल संपले म्हणायचं. तिला ‘न्हाय’ माझ्या तोंडातनं निघायचं न्हाय.”

“आन् पुलावर पाठवतो,” चाँदभाई लगेच म्हणाला. जणू तयारच होता. “तेवढंच चालणं.”

आबांना त्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं. मात्र हारिस मऊ काळजाचा. त्यानं एखादा रोल दिलाच तर? म्हणून पाळत ठेवणं आलं. मोटरसायकल वाजते, म्हणून पायी जाणं आलं. जानेवारीत ऊस तुटला आणि लपायची जागा गेली. मग आबा छत्री उघडून चालू लागले. थंडीत, ढग नसताना. प्रगतीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

फेब्रुवारीत रोहिणी डॉक्टरांनी नवे रिपोर्ट वाचले आणि चष्मा काढला.

“लिव्हर सुधारलंय. साखर काठावरनं मागं सरकली. वजन चारच किलो उतरलं, पण उंची वाढलीय. आणि मान बघा.”

सिंधुबाईंनी मान पाहिली, पदर डोळ्यांना लावला, आणि सवयीनं बोट ओलं करून एकदा घासूनही पाहिली.

“आबा, तुमचीही साखर तपासली. सहा वर्षांत पहिल्यांदा उतरलीय. काय केलंत?”

“काय न्हाय. काळजीनं उतरली आसंल.”

प्रगती भिंतीवरचा लिव्हरचा तक्ता मन लावून वाचत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाय व्याली. घरातल्यांच्या आधी आबांनी चीक किटलीत भरला आणि चाँदभाईकडं निघाले. मोटरसायकल घरच्या दारातच उभी राहिली, हे त्यांना बेकरीपाशी पोचल्यावर आठवलं.

“खरवस करा,” किटली पुढं करत ते म्हणाले. “चाँदभाई, माझ्या नातीला तुमी वाचवलं. रोजचं गिऱ्हाईक तोडलंत, पण शब्द पाळलात.”

चाँदभाईनं किटली दोन्ही हातांनी घेतली.

“दोन शब्द पाळले, आबा. तुमी आलात, त्याच्या आदल्या दिवशी प्रगती येऊन गेली व्हती. म्हणली, ‘चाचा, मी रोज रोल मागीन. तुमी द्यायचा न्हाय, पुलावर पाठवायचं. माझ्यावर नजर ठेवायला आबा मागनं येतील. दुसऱ्या कशानं ते चालायचे न्हायत.’”