कापसाचा बोळा

आरोग्यसेविका शमीमने दार लोटून घेतले आणि हिराला डोळे मिटायला सांगितले. मासळी विकणाऱ्या हिराच्या मनगटावर फिकट चट्टा उठला होता. सकाळी त्यावर तव्याचा चटका बसून फोड आला, तरी तिला पत्ताच नव्हता. महारोग निघाला तर? आठ दिवसांवर लेकीचे लग्न होते. नुसती कुणकुण लागली तरी सोयरे माघारी फिरतील आणि तिच्या मासळीच्या पाटीकडे कोणी फिरकणार नाही, ही तिला धास्ती होती.

“भियां नकात, काकी. तसा काय असला तरी सहा म्हयने गोळये घेतल्यात की पुरा बरा होतला. कोणाक कळूचा पण नाय. आता चट्ट्यार कापूस टेकवतंय. लागलो की सांगा.”

“लागलो,” हिरा लगेच म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, “आता हंयसर लागलो.”

शमीमने मान वर करून तिच्याकडे पाहिले.

“सगळा कळता गो माका. जांव मी घराक?”

“काकी,” शमीम हळूच म्हणाली, “मी अजून कापूस टेकवूकच नाय.”

हिराने डोळे उघडले नाहीत.

“गोळये कधीपासून घेव?” तिने विचारले.