टोपीतला दाणा

ती टोपी आपल्याच हातची आहे, हे सोजराबाईने चिखलीच्या स्टँडच्या दुसऱ्या टोकावरूनच ओळखलं. अर्धी तपकिरी, अर्धी निळी, कानांवर उतरणारी. उरल्यासुरल्या लोकरीचा असला गोंधळ तिच्याशिवाय करणार कोण? बोरांची टोपली जागीच टाकून ती धावत सुटली. नशीब, जामोदच्या एसटीला अजून अवकाश होता आणि टोपीवाला बाकावर बिडी ओढत बसला होता.

“भाऊ, टोपी कुठून आणली तुमी?”

माणूस दचकला. “काऊन, बाई? चोरली नाही म्या. बोटीवर भेटली.”

बोटीवर! सोजराबाईने बाकाशीच बसकण मारली आणि एकेक विचारून घेतलं. माणसाचं नाव रहेमतुल्ला. राहणारा जळगाव जामोदचा, मालाच्या बोटीवर खलाशी, चिखलीला बहिणीकडे येऊन आता घरी निघालेला.

पाच वर्षांपूर्वी, महाराष्ट्र झाल्याचे पेढे वाटले त्याच साली, सोजराबाईचा नवरा सहदेव मुंबईला गेला आणि बोटीवर चढला. एक कार्ड आलं, ‘भटारखान्यात लागलो, खुशाल आहे.’ त्यानंतर ना चिठ्ठी ना चपाटी. वर्षभराने सासूने ऊर बडवला, समुद्रानं गिळला माझ्या लेकाला. भाऊबंद म्हणाले, कुंकू पूस. सोजराबाईने पदर खोचून चारचौघांत सुनावलं, “मढं दाखवा, मंग पुसीन!”

शाळेतल्या विमलबाई मुंबईच्या एका संस्थेला लोकरीच्या टोप्या पाठवायच्या. ती संस्था खलाशांची देखभाल करायची. थंड मुलखात जाणाऱ्यांना गरम कपडे द्यायची, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायची, अडाण्याची चिठ्ठी लिहून द्यायची. हे कळलं तशी सोजराबाई विमलबाईंकडे जाऊन बसली आणि सुया चालवायला शिकली. वैशाखाचं ऊन, अंगातून घामाच्या धारा आणि मांडीवर लोकर! शेजारणी खिदळायच्या, “व माय, चिखलीले समुद्र येऊन राह्यला का?” सोजराबाई कोणाला भीक घालत नव्हती. वर्षाला डझनभर टोप्या ती विणायचीच.

आणि प्रत्येक टोपीच्या दुमडीत, बरोबर कपाळावर येईल असा, ज्वारीचा एक दाणा शिवायची. परगावी निघालेल्याच्या कपड्यात घरचा दाणा शिवला की माणूस माघारी येतो, असं तिची आई सांगायची. सहदेव निघाला तेव्हा त्याच्या सदऱ्यातही तिने शिवला होता. “मी काय बी हाय का उगवायले?” म्हणून तो केवढा हसला होता. त्या दाण्याचा अर्थ अख्ख्या जगात त्या एकालाच कळला असता. कुठल्यातरी बंदरात, कधीतरी एखादी टोपी त्याच्या हाती पडेल, एवढीच तिची आस होती.

“पाहू द्या जरा.” तिने टोपी घेतली, अंगठ्याने दुमड चाचपली. दाणा नव्हता. शिवण उसवून पुन्हा घातलेली, काळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके.

“यातला दाणा कुठं गेला?”

रहेमतुल्लाच्या हातून बिडी पडली. “या अल्ला! तुमाले कसं ठाऊक?”

“म्या विणली.”

“मंग सलाम तुमाले, बाई. लय ऊब हाय. पण पहिले मले नव्हती भेटली. आमच्या भटारखान्यात आपल्या इकडचाच एक जण हाय, सहदेव. त्याच्या वाट्याची टोपी. कपायाले काही टोचलं, तं त्यानं शिवण उसवली अन् दाणा काढला.”

“जित्ता हाय?”

“जित्ता? पहिलवान झाला खाऊन खाऊन!”

सोजराबाई हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. पळत जाऊन टोपली घेऊन आली आणि ओंजळी भरभरून बोरं रहेमतुल्लाच्या पिशवीत ओतू लागली. आता सासूला सांगायचं. मग एकेका भाऊबंदाला दारात उभं करून सांगायचं. बघा म्हणावं, कोणाचं कुंकू पुसायला निघाला होतात!

“दाणा पाहून काय म्हणला तो?”

“काही नाही. तयहातावर घेऊन बसला लय वेळ. मंग उठला अन् दर्यात फेकून देल्ला. टोपी माह्या अंगावर टाकली. म्हने, मले नको.”

ओंजळ तशीच राहिली. “कोणत्या मुलखात फेकला?”

“मुलूख कायचा, मुंबईच्या गोदीत. बोट दरसाल लागते नं तिथं. आमी सारे घरी जातो, तो तेवढा बोटीवरच राह्यते.” रहेमतुल्लाने एक बोर तोंडात टाकलं. “टोप्या वाटणाऱ्या बाई एकेकाले विचारत होत्या, घरी चिठ्ठी लिहून देते, पत्ता सांगा. याले विचारलं तं म्हने, कोणाले लिहू? माय नाही, बाप नाही, अन् बायको मेली त्याले पाच वर्षं झाले. बिचारा!”

जामोदची गाडी लागली. माणसं दाराकडे धावली. सोजराबाई हातातल्या टोपीकडे बघत राहिली. सारं गाव त्याला मेला म्हणत होतं, तेव्हा तिने एकटीने त्याला जगवला होता. आणि हा गडी दरसाल एका रात्रीच्या वाटेवर, मुंबईत येऊन बसत होता आणि तिलाच मारून मोकळा झाला होता!

तिने टोपी रहेमतुल्लाच्या डोक्यावर घातली, कानांपर्यंत नीट ओढली. गाडीच्या पायरीवर चढता चढता तो थांबला.

“बाई, तुमी ओळखता का सहदेवले?”

“त्याच्या बायकोले ओळखत होती,” सोजराबाई म्हणाली. “पाच वर्षं नाही झाले, भाऊ. आत्ता मेली ते.”