शोकेसमधलं जग

वरवंडच्या भिमाजीच्या घरात जगाचं सगळं ज्ञान होतं. ते शोकेसमध्ये होतं आणि शोकेसला कुलूप होतं.

कुलपाला कारण होतं. घराच्या पुढच्या खोलीतच पिठाची गिरणी. उघड्यावरच्या कुठल्याही वस्तूवर तासाभरात ज्वारी बसायची. म्हणून त्याच्या लेकीला, सविताला चौथीत बक्षीस मिळालेलं 'दूरदूरचे सवंगडी' हे जाडजूड पुस्तक शाळेतून थेट काचेमागं गेलं, ते तिचं लग्न होऊन गेलं तरी तिथंच होतं. बक्षीस लिंबू-चमच्याच्या शर्यतीचं होतं. गिरणीत मात्र ते हुशारीचं म्हणून सांगितलं जाई.

मुखपृष्ठ सविताला पाठ होतं. केसाळ टोपीतला एस्किमो, छत्री घेतलेली जपानी मुलगी, उंटावरचा अरब, मागं पिरॅमिड. काचेला नाक लावून लावून तिनं एस्किमोचं जपानी मुलीशी लग्नसुद्धा लावलं होतं. अरब वऱ्हाडात होता.

आज लाइट गेली होती, गिरणीचा पट्टा थांबला होता, आणि शिक्रापूरहून माहेरी आलेली सविता हट्टाला पेटली होती.

"आप्पा, माझ्या बालवाडीत कंपनीवाल्यांची पोरं येतात. बिहारची, ओरिसाची. त्यांना देशोदेशीची मुलं दाखवायचीत. पुस्तक द्या."

"मग त्यास्नीच इचार की त्यांचा देश."

"आप्पा!"

"पीठ बसंल त्याच्यावर."

"शिक्रापुरात कुठलं पीठ?"

"धूर बसंल मग. ट्रका किती त्या."

"अवं, द्या की," आतून तिची आई साखरबाई म्हणाली. "पोरगी काचंला नाक लावून मोठी झाली. अजून डाग हाय तिथं."

दळणाचा डबा धरून बसलेला रखमाजी पुढं सरकला. जगाविषयीच्या वादात भिमाजी शोकेसकडं बोट करून 'पुस्तकात हाय' म्हणे आणि वाद मिटे. आजवरचे सगळे निकाल रखमाजीच्या विरोधात गेले होते.

"काढाच आप्पा. एस्किमो बर्फाच्या चुलीवर भाकरी भाजत्यात म्हणला व्हता. ती चूल बघायचीय मला."

आता माघार नव्हती. भिमाजीनं हात धोतराला पुसले आणि कमरेची किल्ली काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. सवितानं पुस्तक मांडीवर घेऊन उघडलं, तसं ते कडकन वाजलं.

अनुक्रमणिकेत बारा देश होते. पहिला हॉलंड. लाकडी बूट, फुलांची शेतं, आणि पानभर पवनचक्की. खाली लिहिलं होतं की पूर्वी हिच्यावर धान्य दळत.

"गिरणी हाय ही!" भिमाजी पुस्तकावर वाकला. "वाऱ्यावर चालती? म्हंजी लाइटचा खोळंबाच न्हाई."

सोळाव्या पानानंतर पुन्हा पहिलं पान आलं. पुन्हा अनुक्रमणिका, पुन्हा लाकडी बूट, पुन्हा गिरणी. सविता भराभर पानं उलटत गेली. पुस्तक बांधणाऱ्यानं तीच सोळा पानं परत परत शिवली होती. शेवटच्या पानावरही हॉलंडच होता.

सवितानं पुस्तक मिटून मुखपृष्ठावरच्या एस्किमोवरून बोट फिरवलं. "आत हा न्हाईच हो आप्पा," ती म्हणाली. मग तिनं डोळे पुसले. पीठ गेलं म्हणाली. गिरणी बंद होती.

भिमाजीनं पुस्तक घेतलं, बाहीनं पुसलं आणि आपल्या हातानं तिच्या पिशवीत घातलं.

"ने. एक देश तरी पोरांचा पक्का हुईल."

"आन् बर्फाची चूल?" रखमाजीनं विचारलं.

"ती दुसऱ्या पुस्तकात हाय," भिमाजी म्हणाला आणि रिकाम्या शोकेसला कुलूप लावलं.

घरात दुसरं पुस्तक नव्हतं.