हरकतदार

"अभिनंदन, हेर हुप्मान! तुमचा भाऊ फी भरायला विसरला."

फ्राऊ ओर्टलीब फोनवर इतक्या आनंदानं कधी बोलत नसे. ती व्यापारचिन्हांची वकील होती, आणि त्या धंद्यात आनंदाचे प्रसंग थोडे. वेंडेलिननं गॅस बारीक केला. पातेल्यात मेण वितळत होतं. पंचाहत्तराव्या वर्षीही तो बूट पॉलिश घरीच करायचा. डबीवर त्याचं स्वतःचं, रीतसर नोंदवलेलं बदक असायचं. अग्निशमन दलवाले वर्षाला चाळीस डब्या घ्यायचे. बाकी क्रोनाखमध्ये बूट पुसणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

"नीट सांगा."

"दोन करकोचे! चिन्हाची दहा वर्षं संपली. वरची सहा महिन्यांची सवलत आज संपतेय. उद्यापासून एकहार्ड हुप्मान यांच्या नावावर काही नाही. तुम्ही अर्ज करा, या वेळी अडवायला कुणी नाही."

माना गुंतवलेले ते दोन करकोचे बापाच्या डबीवरचे. बाप गेल्यावर थोरल्या एकहार्डनं चिन्ह आपल्या नावावर केलं आणि धंदा बांबेर्गला नेला. वेंडेलिनच्या वाट्याला कढया आल्या. त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नसत. म्युनिकच्या चिन्हनोंदणी कार्यालयामार्फत भांडत. दर तीन वर्षांनी वेंडेलिन दोन करकोच्यांचा अर्ज टाकायचा. नोंद व्हायची. तीन महिन्यांच्या आत एकहार्डची हरकत यायची. नोंद पुसली जायची. हरणारच आहात तर कशाला, असं फ्राऊ ओर्टलीब दर वेळी विचारायची, आणि तत्त्वाचा प्रश्न आहे, असं वेंडेलिन दर वेळी सांगायचा.

हरकत वकिलाची नसे. एकहार्ड स्वतःच्या हातानं चार पानं लिहायचा. पहिलं पान करकोच्यांवर. उरलेली तीन अशी: अर्जदाराला लहानपणापासून दुसऱ्याचंच हवं असतं. अर्जदारानं १९६१ साली हरकतदाराची बर्फावरची घसरगाडी मोडली, अद्याप कबूल केलेलं नाही. अर्जदारानं या वयात जिना उतरताना कठडा धरावा.

कार्यालय ही तीन पानं विचारात घेत नसे. वेंडेलिन मात्र फाइल करून ठेवायचा. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. नाताळला एक कार्ड यायचं, ते विमा कंपनीचं.

शिवाय दोन महिन्यांची मुदत असे. आपसात तडजोड करायची इच्छा असेल तर दोघांनी मिळून ती मागायची. दोघंही दर वेळी मागायचे. मग दोन महिने दोघंही गप्प बसायचे. वेंडेलिन तेवढे दिवस पोस्टमनच्या वेळेला दाढी करून तयार असायचा.

मागच्या हरकतीतलं अक्षर थरथरलेलं होतं. पानंही दोनच होती.

"हेर हुप्मान, ऐकताय ना?"

"तो आहे का?"

"नोंदवहीत ते कळत नाही. कार्यालयाची आठवणपत्रं परत आलेली नाहीत, म्हणजे कुणीतरी घेतंय. उघडतंय की नाही, देव जाणे."

"चिन्ह गेलं तर तो हरकत कशाच्या जोरावर घेणार?"

"अहो, तेच तर मघापासून सांगतेय! घेऊच शकणार नाही. सुटलात तुम्ही."

वेंडेलिननं स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. एक खुर्ची. एक कप. खिडकीत वाळत घातलेला एक टॉवेल.

"त्याची फी दुसऱ्या कुणी भरली तर चालते?"

"कायद्याला फी मिळाल्याशी मतलब. पण भरणार कोण?"

"मी. माझ्या खात्यातून भरा. आत्ता."

"डोकं ठिकाणावर आहे ना? तीस वर्षं ज्या चिन्हानं तुम्हाला अडवलं, ते तुम्ही जगवणार? तुमच्याच पैशानं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, फ्राऊ ओर्टलीब."

ती काहीतरी पुटपुटली. मग कीबोर्डची टकटक ऐकू येऊ लागली.

"कारणाच्या रकान्यात काय लिहू? रिकामा ठेवता येत नाही."

बापाच्या कारखान्यात डबीचं झाकण उघडं राहिलं की पॉलिश वाळायचं आणि बाप कान पिळायचा. म्हणून दोघा भावांपैकी ज्याला आधी दिसेल तो दुसऱ्याचं झाकण गुपचूप लावून टाकायचा. आभार मानायची पद्धत नव्हती. लावणारा जाता जाता तीनच शब्द म्हणायचा.

"लिहा," वेंडेलिन म्हणाला, "'गाढव विसरला असेल.'"

टकटक थांबली. मग कपाट उघडल्याचा आणि कागद चाळल्याचा आवाज आला.

"हेर हुप्मान, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होतात. तुमच्या बदकाची मुदत तेव्हाच संपत होती."

"हो. तुम्ही भरलीत ना फी."

"मी नाही. मला वाटलं, तुम्ही भरलीत." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पावती माझ्या हातात आहे. पैसे बांबेर्गहून आलेत. आणि कारणाच्या रकान्यात हेच तीन शब्द आहेत."