दोनशे ग्रॅम

प्रमोशनच्या फॉर्ममधला एकच रकाना डॉक्टरीणबाईंना छळत होता: ‘आपल्या संशोधनामुळे प्रत्यक्षात काय बदललं?’

आपल्या वॉर्डातली नवजात बाळं इतर ठिकाणच्या बाळांपेक्षा दोनशे ग्रॅम हलकी का भरतात, यावर त्यांनी दोन वर्षं खपून पेपर लिहिला होता. जगभरातल्या चारशे बारा संशोधकांनी आपापल्या लेखनात त्याचा हवाला दिला होता. पण खुद्द वॉर्डात तो कुणी उघडून तरी पाहिला असेल का, याची बाईंना शंकाच होती.

शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी विचारलंच, “सिस्टर, माझ्या पेपरचा इथे काही उपयोग झाला का हो?”

“म्हणजे काय मॅडम!” सिस्टरनी वजनांची वही पुढे केली. “तुम्ही तो देऊन गेलात, त्या दिवसापासून एकेक बाळ दोनशे ग्रॅमनी जास्त भरतंय.”

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तिथल्या तिथे फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं. “अहो, पण नेमकं केलंत तरी काय?”

सिस्टर त्यांना त्याच जुन्या वजनकाट्यापाशी घेऊन गेल्या, ज्यावर बाईंनी दोन वर्षं बाळांची वजनं घेतली होती.



“हा मेला पहिल्यापासून एका पायाने लंगडा, वजन कमीच दाखवायचा. तुमचा पेपर चार घड्या घालून त्या पायाखाली सारला, तेव्हा कुठे ताळ्यावर आला!”